चार ओमच्या खाली

वैशाख लागला की आमच्या अंगणात खोकी बाहेर येतात. एरवी शेडमध्ये उभी असलेली बेस स्पीकरची काळी, कमरेइतकी उंच खोकी कडुनिंबाच्या सावलीत ओळीनं मांडायची, जाळ्या काढायच्या, आतल्या कागदी पडद्यांवरची धूळ मऊ ब्रशनं झटकायची, उंदरांनी कुठं वायर कुरतडली का ते बघायचं. जाळीमागं दरवर्षी काहीतरी सापडतं. हळदीनं पिवळे झालेले तांदळाचे दाणे, झेंडूची वाळकी पाकळी, एकदा तर कुणाच्या तरी मुंडावळ्यांतले चार मोती. मागच्या हंगामातली लग्नं अशी खोक्यांच्या पोटात थोडी थोडी उरलेली असतात. ती झटकून टाकताना मला उगाच वाईट वाटतं.

तेरमध्ये आमचा साउंडचा धंदा आहे. लग्न, साखरपुडा, जावळ, सत्कार, जे असेल ते. मी म्हणते ‘आमचा’, पण कितीतरी वर्षं तो ह्यांचा होता. मी त्या धंद्याची बायको होते. वायरींची भेंडोळी गुंडाळून ठेवायची, ह्यांचा डबा भरून द्यायचा, सकाळी निघालेला टेम्पो परत आला की खोक्यांवरची धूळ पुसायची, एवढंच माझं काम. खरं तर लग्नाआधी मी धाराशिवला आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केला होता. आमच्या वर्गात दोनच पोरी होत्या. बोर्ड भरताना मास्तर म्हणायचे, हिचा हात स्वच्छ आहे. मग लग्न झालं, आणि तो स्वच्छ हात घरातल्या मिक्सरचं बटण दुरुस्त करण्यापुरता उरला. त्याचं मला फार दुःख होतं असंही नाही. काही गोष्टी आपण ट्रंकेत ठेवतो आणि ट्रंक कुठं ठेवली तेच विसरतो.

ती ट्रंक उघडली तो हंगाम आजही जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे. पाडवा होऊन गेला होता. उन्हं तापायला लागली होती आणि अंगणात आमच्या एकुलत्या एका आंब्याच्या कैऱ्या पडायच्या. टेम्पोतून खोकं उतरवताना ह्यांचा पाय फळीवरून निसटला. खोकं एकीकडं, हे एकीकडं. खोक्याला साधा ओरखडा नाही, ह्यांच्या मांडीचं हाड मात्र मोडलं. ऑपरेशन झालं, सळई घातली, आणि हे पडवीतल्या खाटेवर येऊन पडले. आख्खी लग्नसराई पुढं होती. गावोगावी शब्द दिलेले होते.

“बार्शीच्या कुणाला तरी देऊन टाकू सगळी कामं,” हे छताकडं बघत म्हणाले. “लोकं खोळंबायला नगंत.”

“मी जाते,” मी म्हणाले.

हे हसलेसुद्धा नाहीत. न हसणं जास्त लागलं मला. पण आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “जाऊ दे की तिला. महेबूब हाय संगं. तुजं जेवणखाण मी बघते.”

महेबूबचाचा आमचा टेम्पो चालवायचे. पांढरी दाढी, डोक्याला कायम ओला रुमाल. ओझं उचलायला ते आणि त्यांचे दोन भाचे होते. माणसांचा प्रश्न नव्हताच. प्रश्न जोडणीचा होता.

तिथून आमची शाळा सुरू झाली. दुपारच्या वेळी, आत्या लवंडल्या की, मी एक खोकं ओढत पडवीत आणायचे आणि हे खाटेवरून शिकवायचे. लग्नाला इतकी वर्षं होऊन आम्ही दोघं इतका वेळ एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. बोलायचो ते घरातलं, पोरांचं, पाहुण्यांचं. हे वेगळं होतं.

“चार ओमच्या खाली उतरायचं न्हाय,” हा ह्यांचा पहिला धडा. ओम म्हणजे विजेला होणारी अडवणूक मोजायचं माप. “आपलं ॲम्प्लिफायरचं मशीन एका बाजूला चार ओमपर्यंत सोसतंय. खोकं हाय आठ ओमचं. शेजारी शेजारी दोन जोडली की झाले चार. तिसरं लावलं की मशीन रडायला लागतंय, चौथं लावलं की जळतंय.”

समांतर जोडणी मला माहीत होती. पण ह्यांनी ती ओळखीची करून दिली. विहिरीवरच्या मोटारीला एकच पाईप असला की पाणी बेतानं जातं. दुसरा उघडला की जास्त जातं. तोंडं उघडत गेलं की उपसा वाढत जातो आणि मोटार तापून बसते. “अडवणूक कमी झाली की मशीनला जास्त द्यावं लागतं. लोकांना वाटतं खोकी वाढली की आवाज वाढला. मशीनला कोण इचारतंय?”

मी माझा जुना मीटर शोधून काढला होता. खोक्याच्या दोन टोकांना सुया लावल्या. मीटरनं सहाच्या आसपास दाखवलं.

“ह्यात तर सहाच येतात. आठ कुठं आहेत?”

हे म्हणाले, “आठ म्हणत्यात सगळे. आमच्या उस्तादानं आठ सांगितले, मीबी आठच म्हणतो.”

त्या रात्री मी आयटीआयचं पुस्तक काढलं आणि दुसऱ्या दिवशी मीच खाटेशी बसून सांगितलं. मीटर मोजतो ती नुसत्या तारेची अडवणूक. खोकं मुकं असतानाची. आवाज सुरू झाला की आतली गुंडाळी हलते, आणि हलती गुंडाळी स्वतःच्या पद्धतीनं अडवते. सूर बदलला की अडवणूक बदलते. एका ठिकाणी ती कितीतरी वर चढते, दुसऱ्या ठिकाणी खाली येते. तिलाच इम्पीडन्स म्हणायचं. आठ हा सगळ्यांनी मिळून धरलेला आकडा, बोलायला सोयीचा.

“म्हणजे ते गाण्यागणिक बदलतंय?” हे उठून बसायला बघत होते.

“सुरागणिक.”

“आयला,” हे म्हणाले, आणि दुखऱ्या पायासकट हसले. कितीतरी दिवसांनी.

मला अजून वाटतं, माणसाची ओळखही आपण मुक्या अवस्थेत मोजून ठेवलेली असते. हा असा, ती तशी. पडवीतल्या त्या दुपारी माझे काही आकडे चुकीचे निघाले. ह्यांना कळत नाही ते विचारता येतं, हे मला माहीत नव्हतं. मला कळतं ते मी मोठ्यानं सांगू शकते, हे मला तरी कुठं माहीत होतं?

पहिलं लग्न जवळच्याच वस्तीवर होतं. सकाळी मंडपाला आंब्याचे टहाळे बांधत होते, चुलाण्यावर बुंदीचा वास सुटला होता. मी साडीचा पदर खोचून वायरी ओढत होते आणि बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मशीन चालू केलं. टॉप, म्हणजे वरच्या सुरांचे स्पीकर, छान वाजले, नेलेल्या दोन खोक्यांचा बेस मात्र नाहीच. खोक्यापाशी गेलं की घुमतंय, मंडपाच्या मधोमध उभं राहिलं की गायब. ह्यांना फोन लावला.

“एकेकाला एकट्याला वाजीव.”

एकेकटी दोन्ही ठणठणीत. दोन्ही मिळून पोकळ.

“मग लाल-काळं उलटं लागलंय एकीकडं,” हे म्हणाले. “एक पुढं ढकलतंय तवा दुसरं मागं ओढतंय. मधल्या माणसाला काय ऐकू यील?”

वायर उलटी केली आणि मंडपाचं कापड थरथरलं. महेबूबचाचा रुमालानं तोंड पुसत म्हणाले, “माशाल्ला. आता बसली गाडी.” त्या दिवशी उन्हात परत येताना टेम्पोच्या खिडकीतून तापल्या मातीचा वास येत होता, दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं पडली होती, आणि मला उगाचच मोठ्यानं गाणं म्हणावंसं वाटत होतं. चाचांसमोर कसं म्हणणार? मनातल्या मनात म्हटलं.

अशी चार-सहा कामं पार पडली. मग सोनारी आली.

सोनारी लांब. परंड्याच्या पलीकडं. आम्ही उजाडायच्या आत निघालो होतो. गावात शिरलो तर देवळाच्या शिखरावर माकडं ऊन खात बसलेली. नवरदेवाचा मामा, गोरखभाऊ, ह्यांचा जुना दोस्त. ह्यांच्याच शब्दावर काम ठरलं होतं. मंडपाशी गेलो तर गोरखभाऊंनी आणखी दोन बेस आणून ठेवले होते, पाहुण्यांकडून मागून.

“वहिनी, ही बी लावून टाका. परण्या असा निघाला पायजे की पंचक्रोशीत नाव झालं पायजे.”

परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो ती मिरवणूक. आमच्याकडं सगळी हौस त्या तासाभरात असते.

मी मीटर लावला. त्यांची खोकी तीनच्या जरा वर दाखवत होती. म्हणजे चार ओमची. आमची चार खोकी दोन्ही बाजूंना दोन-दोन जोडलेली, दोन्हीकडं चार ओम, मशीन काठोकाठ भरलेलं. त्यात ही चार ओमची एकेक जरी शेजारी लावली तरी दोनवर येणार.

“ह्या मशीनवर नाही चालणार,” मी म्हणाले. “जळेल.”

“अहो एका तासाचा तर प्रश्न हाय.”

“तासाभरात जळायला काय अडचण आहे त्याला?”

आजूबाजूला पोरं जमली होती. कुणीतरी खिदळलं. गोरखभाऊंनी फोन काढला, सरळ ह्यांना लावला आणि स्पीकरवर टाकला. “दत्ता, तुझी मालकीण न्हाय म्हणतीया. सांग तिला.”

तिकडून ह्यांचा आवाज आला. थकलेला, जरा जास्तच मोकळा केलेला. “रेखा, जोडून दे की. जरा हळू ठेव म्हणजे झालं. गोरख आपला माणूस हाय.”

हळू ठेवलं तर चालेल, हे खरं होतं. पण हळू ठेवू कोण देणार होतं? परण्या निघाला की दहा हात त्या बटणावर येणार. हे मला माहीत होतं आणि माझ्यापेक्षा ह्यांना जास्त माहीत होतं. तरी हे जोड म्हणाले, कारण दोस्ताला नाही म्हणणं ह्यांना कधी जमलंच नाही. मला त्या क्षणी मंडपातला सगळा गलका लांब गेल्यासारखा वाटला. मशीन मेलं असतं तर परण्या मुका निघाला असता, मंगलाष्टकांना माइक नसता, आणि गावानं म्हटलं असतं, बाईला पाठवलं की असंच व्हायचं. ती एक गोष्ट. दुसरी ही की मी ह्यांना चारचौघांत कधी नाही म्हणाले नव्हते.

“नाही,” मी म्हणाले. “मी नाही जोडणार तसं. तुम्हीच शिकवलंत मला.”

गोरखभाऊ मोठ्यानं हसले. “दत्ता, घरातला मालक बदलला रं तुझ्या!”

फोन बंद झाला.

मी गोरखभाऊंना बाजूला बोलावलं. म्हटलं, सहाही खोकी लावते, पण माझ्या पद्धतीनं. आमची दोन-दोन एकापाठोपाठ एक ओवायची, म्हणजे सोळा, आणि त्या दोन जोड्या शेजारी, म्हणजे पुन्हा आठ. तुमची दोन एकापाठोपाठ ओवली की तीही आठ. मशीनच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ. “मशीन निवांत राहील. पण खरं सांगते, ते मग जोरही निम्माच लावेल. सहा दिसतील, ऐकू येतील चारच्याच हिशोबानं.”

गोरखभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. टेम्पोकडं बघितलं. “दिसतील ना सहा?”

“सहा दिसतील.”

“मग जोडा वहिनी. बघणारेच जास्त हायेत.”

एकाचं लाल दुसऱ्याच्या काळ्याला. बोटं भाजत होती, टेप चिकटत नव्हता, चाचा डोक्यावर छत्री धरून उभे होते. परण्या निघाला. घोडा, फेटे, गुलाल नको म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आणि तो उधळणारी पोरं. मी टेम्पोत मशीनच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. ज्यानं त्यानं येऊन “अजून वाढवा” म्हणायचं, मी मान हलवायची. मारुतीपर्यंत जाऊन परत येईपर्यंत मशीन कोमट होतं, तव्यासारखं नाही, कपाळासारखं. बारा वाजता मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, खोक्यांच्या जाळीवर तांदूळ नाचत होते. सगळं सुखरूप पार पडलं. आणि मला जेवण गेलं नाही.

घरी आले तेव्हा हे भिंतीकडं तोंड करून झोपले होते. झोपलेले नव्हते.

पुढचे कित्येक दिवस पडवीतली शाळा बंद. विचारलं तेवढ्याला उत्तर. मी कामाला जाऊन येत होते, कामं चांगली होत होती, आणि चांगली होत होती हेच घरात अवघड झालं होतं. आत्यांना सगळं कळत होतं. एकदा त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “पडलेल्या माणसाला सगळंच लागतंय गं. ऊनबी, सावलीबी.” मला वाटत होतं, मला नाही का लागत?

एका सकाळी मी अंगणात वायरी सोलत बसले होते. मागून ह्यांचा आवाज आला. “सोनारीला कशी जोडली ती चार, ते दाखव.”

मी उठले. वायरी घेतल्या, खाटेजवळच्या फरशीवर मांडल्या. चार वाट्या आणून खोकी केली. हे वाकून बघत राहिले, बोटांवर आकडे धरत. आठ आणि आठ सोळा. सोळा आणि सोळा शेजारी, आठ.

“मशीन किती तापलं?”

“हात ठेवता येत होता.”

“मग बरोबर हाय.” ह्यांनी बोटं मिटली. “पण सगळ्यांसमोर न्हाय म्हणायला नगं होतं.”

“स्पीकरवर त्यांनी टाकलं होतं, मी नाही. आणि तुम्ही तिथं नव्हता. मी होते.”

हे रागावले नाहीत. एक वाटी उचलून पुन्हा जागेवर ठेवली, जरा सरळ करून. त्या वादाचा निकाल आमच्यात आजतागायत लागलेला नाही. काही वाद मिटत नाहीत, त्यांच्यासकट राहायची सवय होते.

हंगामाच्या शेवटाला, मृगाचे ढग दिसायला लागले तेव्हा, गावातच एक लग्न होतं. आमच्या गल्लीतल्या विष्णूभाऊंच्या लेकीचं. हे कुबड्यांवर चालायला लागले होते. म्हणाले, मी येतो. वाटलं, आता मशीनपाशी येऊन उभे राहतील, आणि मी बाजूला सरकेन, कारण मला सरकायची सवय आहे. पण मशीन होतं स्टेजच्या मागं, कुबड्या तिथवर नेणं अवघड होतं. कुणीतरी खुर्ची दिली आणि हे बसले म्हाताऱ्या माणसांच्या रांगेत, आमच्याच बेसच्या खोक्यासमोर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे लग्नात पाहुण्यासारखे बसले होते.

मी मधून मधून बघत होते. गाणी चालू असताना ह्यांनी छातीवर हात ठेवला. शेजारच्या आजीनं पदर कानावर दाबून धरला होता, त्यांच्याकडं हे बघत राहिले. मी बटण थोडं खाली घेतलं. मंगलाष्टकांना बेस पूर्ण बंद केला, नुसता माइक ठेवला. सावधान झालं, टाळ्या झाल्या. अशा वेळी रिवाजानं लगेच दणक्यात गाणं लावायचं असतं. पण पोरगी आईच्या गळ्यात पडली होती आणि माझा हात उठला नाही. जरा वेळ तसाच जाऊ दिला. कुणी काही म्हटलं नाही.

दुपारी सामान भरून टेम्पोत बसलो. चाचा पुढं, मधे मी, खिडकीशी हे, कुबड्या मांडीवर आडव्या. वळणावर टेम्पो हळू झाला तेव्हा हे म्हणाले, “विष्णूची बायको रडत होती.”

“लेकीच्या लग्नात रडणारच की.”

“तसं न्हाय.” हे बाहेर बघत होते. “मला ऐकू आलं. इतकी लग्नं वाजवली मी, रेखा. कुणाचं रडणं कधी ऐकलंच न्हवतं.”

चाचांनी गिअर बदलला. मी ह्यांचा हात कुबडीवरून उचलून माझ्या हातात घेतला आणि घर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.